गालावरचा डाग

नाशिक रोडला माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट साइज, लग्नाचे अल्बम, असली कामं. रविवारी सकाळी मात्र मी उड्डाणपुलाखाली राहणाऱ्या माणसांचे फोटो काढायला जायचो. मोबाइलवर टाकले की लोक वाहवा करायचे आणि मी फुशारायचो. त्या माणसांना त्यातून काय मिळतं, हे मी कधी विचारलं नाही.

एका मावशीने मात्र स्वतःला काय हवं ते आपणहून सांगितलं. "माझा भाऊ पिंपळगावला कांद्याच्या मार्केटात हमाल हाय. त्याला माझा फोटो धाड. मी जित्ती हाय कळलं तर न्यायला यील."

"तुम्हीच जा की. तासाभराचा तर रस्ता."

"न्यायला आल्याबिगर माहेरी कशी जाऊ, दादा? भावजय दारात उभी नाय करायची."

फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि सवयीने हात चालला. मावशीच्या गालावर भाजल्याचा मोठा डाग होता, तो पुसला. सुरकुत्या घालवल्या. पुलाच्या जागी निळा पडदा लावला. मावशी फोटो बघून लाजली. "लग्नात बी अशी दिसले नव्हते." पिंपळगावच्या एका टेम्पोवाल्याच्या हाती मी तो पाठवला.

तिसऱ्या दिवशी फोटो परत आला. भावाचा निरोप होता, "ही आमची आक्का नाय. आमच्या आक्काच्या गालाला डाग हाय."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पण लग्नसराई होती, चार दिवस मी हललो नाही. मग मूळ फोटो छापून स्वतः पिंपळगावला गेलो. भाऊ फोटो हातात घेऊन गोण्यांवर बसला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी तो नवी साडी घेऊन आला. पुलाखाली कोणीच नव्हतं. आदल्याच दिवशी सगळ्यांना उठवून तिथे पत्रे ठोकले होते. आम्ही स्टेशन पालथं घातलं, गोदाघाट बघितला, दवाखान्यांत विचारलं. डागाचा फोटो दाखवून दाखवून मळला. मावशी सापडली नाही.

जाताना भावाने साडी माझ्याकडे दिली. "घरी नेली तर बायको नेसल. आक्का दिसली की द्या."

सुरुवातीला दर रविवारी त्याचा फोन यायचा. "दिसली का?" मी नाही म्हणायचो. आता फोन येत नाही, आणि मीही रविवारी कॅमेरा घेऊन कुठे जात नाही. साडी काउंटरखालच्या कपाटात आहे. तिची घडी अजून मोडलेली नाही.