चिंचेने घासलेली चूल

सराफ्यातल्या एका माडीवर एक कारागीर बाई चांदीचे आगळे दागिने घडवायची. आपल्या गेलेल्या आईच्या स्वयंपाकघराची आठवण म्हणून माझ्या बायकोने तिच्याकडून ब्रोच करवून घेतलं: चांदीची चूल, तिच्यावर मुद्दाम चढवलेली काजळी. मी हुशारीने ते मळकं समजून चिंचेने घासलं. लख्ख! बायको भडकली, तेव्हा मी ब्रोच घेऊन माडी चढलो.

तिने ब्रोचवर अलगद फुंकर मारली, मग मला न्याहाळलं.

"अरे भिया, ही काजळी चढवायला मला आठवडा लागला. घासायला तुम्हाला?"

"दहा मिनिटं."

"मेहनत तो खूब केलीत!" ती खळखळून हसली.

गंधकाच्या पाण्याने तिने आठवडाभरात चूल पुन्हा काळी केली, पण मी घासलेला एक कोपरा तसाच चमकता ठेवला.

"वहिनींना सांगा, आता या चुलीपाशी तुम्हीपण आहात."