सर एडमंडचं औक्षण

शारजात अल मजाजला राहणाऱ्या अनुराधा कारखानीस म्हणजे दुबईतले इंग्रज सॉलिसिटर एडमंड हॅलम यांच्या जुन्या सेक्रेटरी. बुडालेल्या जहाजांच्या भानगडी निस्तरण्यात साहेबांचा हात धरणारा कुणी नव्हता. मानद डॉक्टरेट झाली, सुवर्णपदक झालं आणि यंदा राजाकडून 'सर' हा किताबही मिळाला. अभिनंदनाच्या ढीगभर पत्रांना आभाराची उत्तरं अनुराधाबाईंनीच टाइप केली. साहेब मात्र लंडनला एकटे गेले नि एकटेच परतले.

"सर, घरी कुणी सेलिब्रेट केलं की नाही?" बाईंनी विचारलं.

"घरी आहे कोण?" साहेब फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

बाईंनी समोरचं पॅड मिटलं. "मग शनिवारी लंचला माझ्याकडे यायचं. नो एक्स्क्यूज!"

शनिवारी पुरणपोळ्या झाल्या. औक्षणाचं तबक काढताना मात्र बाईंचा हात अडखळला. नवरा, शैलेंद्र, गेल्यापासून त्यांनी कुणालाच ओवाळलं नव्हतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका गोड हसून तबक त्यांच्यापुढून पलीकडे सरकवत. मुलगा वेद कॅनडाला निघाला तेव्हासुद्धा त्याला शेजारणीने ओवाळलं आणि आई नुसती दारात उभी राहिली. जळो मेलं ते, म्हणत बाईंनी निरांजन लावलं. इथे नाक मुरडायला कोण येणार होतं?

साहेब टाय लावून खुर्चीत अवघडून बसले. बाईंनी त्यांना कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, तबक उचललं. ज्योत चेहऱ्यापाशी आली मात्र, साहेबांनी गाल फुगवून जोरात फुंकर मारली. निरांजन विझलं.

बाईंच्या अंगावर काटा आला. 'दिवा विझला' असं त्यांच्या घरी तोंडानेही कुणी म्हणत नसे. बरोबरच होतं त्या बायकांचं, आपल्या हातून हे व्हायलाच नको होतं. त्यांनी तबक टेबलावर ठेवून दिलं.

टाळ्यांची वाट बघणारे साहेब गोंधळले. "माझं काही चुकलं का? माझी बायको, मार्गारेट, गेल्यापासून वाढदिवसालासुद्धा कुणी माझ्यासमोर मेणबत्ती लावली नाही. फुंकण्याआधी मनातलं काही मागायचं असतं, ते विसरलोच मी."

बाईंनी पदराने डोळे टिपले. "मग आता मागा, सर."

साहेबांनी लहान मुलासारखे डोळे घट्ट मिटले. "पुढच्या शनिवारीही मला इथे जेवायला बोलावलं जावं."

"इन्शाल्ला," बाई म्हणाल्या आणि काडी ओढून त्यांनी निरांजन पुन्हा लावलं. "पण या वेळी फुंकायचं नाही हं."