सुनेची बेगमी

कुणाला काही म्हणून विचारायचं नाही, असा पण करूनच आमची सून जन्माला आली असावी. माधवनगरहून लग्न होऊन महाबळेश्वरात आली, पण बाजाराचा रस्तासुद्धा तिने विचारला नाही. येतानाच कागदावर काढून आणला होता. आल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. माझं शिक्षण चौथी, तरी मीठ ओळखायला मला चिठ्ठी लागत नाही, हे मी तिला ऐकवलं. "तुमाला लागत नसंल आत्या, मला लागती," म्हणाली आणि माझ्या चष्म्याच्या डबीवरही एक चिकटवली.

ती घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. त्यात म्हणे घडीघडी इंटरनेटवरची माहितीची पानं बघावी लागतात. आमच्या पावसात समोरचं घर दिसत नाही, इंटरनेट कुठलं टिकणार? साहेबांनी बजावलं होतं, यंदा काम अडलं तर पुण्याला येऊन राहायचं. माझा मुलगाही तिच्याबरोबर जाणार. मग घरात मी आणि चिठ्ठ्या. मे महिन्यात मी लाकडं, डाळी, पापडांची बेगमी करत होते, तेव्हा ती सगळी पानं कॉम्प्युटरात उतरवून घेत होती. वर एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. 'आत्या' टाइप करून पुढे हवा तो शब्द टाकला, की इंटरनेट नसतानाही नेमकं पान समोर.

"माझंच नाव कशाला गं?"

"विचारलं की लगीच उत्तर, आन् गोडगोड बोलणं न्हाई."

जुलैत चार दिवस रेंज गेली. ती खोलीत कीबोर्ड बडवत होती, मी चहा नेऊन ठेवत होते. पाचव्या दिवशी लॅपटॉप प्लास्टिकमध्ये गुंडाळून एसटीने वाईला उतरली, रेंजमध्ये जाऊन काम पाठवलं आणि संध्याकाळी परत आली.

"आता हितंच ऱ्हायचं, आत्या."

"ऱ्हा की. आदी वल्या चपला भायेर काढ."

हल्ली ती माझी लोणची-चटण्याही त्या 'आत्या'त भरते. विचारत नाहीच, माझ्या मुठीतलं तिखट काढून घेऊन वाटीने मोजते. कांदा-लसणाच्या चटणीत शेवटी घालायचं एक आहे, ते मात्र ती फोनवर असताना मी घालते. परवा तिने स्वतः केलेली चटणी चाखली आणि म्हणाली, "कायतरी ऱ्हायलंय."

"इचार की मग."

विचारलं नाही. पण तेव्हापासून मी चटणीला लागले की फोन वाजला तरी ती गॅसपाशीच उभी असते. मी हल्ली कांदा जरा सावकाश परतते.