धम्मदीपचे पाच पीस

रत्नपालची ओळख आमच्या वाडीत त्याच्या हातांवरून व्हायची. न्हावा शेव्याच्या बंदरात तो जहाजावर कंटेनर जखडायचं काम करतो. माणसाच्या दुप्पट उंचीचे लोखंडी रॉड उचलायचे, कंटेनरच्या कोपऱ्यात अडकवायचे आणि खालचा स्क्रू पिळत न्यायचा, लोखंड कण्हेपर्यंत. बारा वर्षं हे काम केलं की तळहाताची कातडी चपलेच्या तळासारखी होते. त्या हातांनी कुणाला काय केलं हे वाडीला पाठ होतं. एका ट्रेलरवाल्याचे पुढचे दोन दात. लग्नाच्या वरातीत धक्का लागलेल्या एका पाहुण्याची बरगडी. चौतिशी आली तरी त्याचं लग्न जमलं नव्हतं, आणि त्याची आई चंदाबाई कुणाला दोष देत नव्हती. असल्या हातात पोरगी कोण देईल, असं ती स्वतःच म्हणायची.

धाकटा धम्मदीप ह्याच आईचा, पण त्याचे हात दुसऱ्याच मातीचे. वाडीच्या गायन पार्टीत तो गिटार वाजवायचा. दोन कडव्यांच्या मधे गायक श्वास घेतो, तेवढ्या वेळात गिटार एकटी बोलते. त्याला आमच्याकडे पीस म्हणतात. धम्मदीपचे पाच पीस पाच गाण्यांत होते, सगळे त्याने स्वतः बसवलेले. चौदा एप्रिलला आणि बुद्ध पौर्णिमेला खाडीपलीकडची माणसं होडी करून यायची ती गाण्याइतकीच त्या पीससाठी. म्हाताऱ्या बायकाही भाकरी थापताना ते तोंडाने वाजवायच्या.

मग दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत भात कापलेल्या शेतात टेनिस बॉलचे सामने लागले. निकेश शेजारच्या गावचा, रत्नपालच्याच टोळीत बंदरात कामाला, आणि त्या दिवशी समोरच्या संघाचा विकेटकीपर. एका रनआउटवरून शब्द वाढला. निकेशने छातीला हात लावून ढकललं. रत्नपालने स्टंप उपटला. त्याच्या टोकाला लोखंडी टोपण होतं, त्याला ओली माती चिकटलेली होती. तो त्याने निकेशच्या कानशिलाच्या रोखाने फिरवला. पण कानशिलापर्यंत तो पोचला नाही. धम्मदीप मधे धावला होता आणि त्याचा डावा हात वर गेला होता. सुकं लाकूड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज झाला आणि सीमारेषेवरच्या माणसांनाही तो ऐकू आला. धम्मदीप खाली बसला आणि लोंबणाऱ्या बोटांकडे बघत राहिला.

निकेशचं डोकं वाचलं. रत्नपालचा तुरुंग वाचला, कारण धम्मदीपने पोलिसांना सांगितलं की मी पडलो. पनवेलला हाताचं ऑपरेशन झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र काठीसारखी ताठ राहिली.

त्या दिवसापासून धम्मदीप भावाशी एक शब्द बोलला नाही. घर दोन खोल्यांचं, मधे एकच भिंत. पाणी आलं की तो आईला सांगायचा, आई रत्नपालला सांगायची. रत्नपालने पाय धरले, तेव्हा त्याने पाय सोडवून घेतले आणि बाहेर गेला. रत्नपालला माफी नको होती. त्याला फक्त शब्द हवा होता. शिवी चालली असती.

ह्यातूनच त्याच्या डोक्यात आलं, की भावाचे पाच पीस आपण शिकायचे. पार्टीत गिटारची जागा रिकामी होती. ती आपण भरली, तर एक दिवस तो म्हणेल, बरं वाजवलंस. किंवा वाईट वाजवलंस म्हणेल. काहीतरी म्हणेल.

उरणहून एक जुनी गिटार घेऊन तो धर्माजीमास्तरांकडे गेला. शाळेतून निवृत्त झालेले हे गुरुजी, पार्टी त्यांनीच उभी केलेली, पेटीवर आजही तेच बसतात. रत्नपालने पहिल्याच दिवशी सांगितलं, मला शेवटचा पीस शिकवा, सगळ्यात लांब, जिथे करंगळी तारांवरून पळते तो. जहाजावर तो सगळ्यात जड रॉड आधी उचलायचा, म्हणजे पुढचे हलके वाटतात. गिटारलाही तोच नियम असेल असं त्याला वाटलं.

मास्तरांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. पीस आपल्या हौसेने निवडायचा नसतो, बोटांना विचारून निवडायचा असतो, असं ते म्हणाले. त्यांनी पाचही पीस सोपा ते अवघड असे लावून दिले. पहिला एकाच तारेवरचा, आठ सुरांचा. दुसरा तीन तारांवरचा, पण संथ. तिसऱ्यात तार ओढून सूर चढवायचा. चौथा पळता. पाचवा तो करंगळीचा. आषाढ पौर्णिमेला पहिला, दसऱ्याला दुसरा, असं करत बुद्ध पौर्णिमेला पाचवा. प्रत्येक पीस आधी निम्म्या लयीत, दहा वेळा न चुकता, मगच पुढे. आणि वर एक अट घातली.

"रत्ना, हात सुजलेला दिसला तर परत पहिल्यापासून. तू कुठपर्यंत आलायस ते मी विचारणार न्हाय."

पहिल्या दिवशी त्याने तार लावताना खुंटी कंटेनरच्या स्क्रूसारखी पिळली. तार तुटली आणि गालावर चाबकासारखी बसली. डोळ्याखाली रक्ताची बारीक रेघ घेऊन तो घरी आला. नवशिक्यांची बोटं तारेने कापतात, ह्याची कापली नाहीत. पण त्या जाड कातडीला तार लागतच नव्हती. बोट कुठे पडलं हे त्याला डोळ्यांनी बघावं लागायचं. पार्टीच्या जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ मोबाईलवर निम्म्या वेगात लावून तो भावाची बोटं बघायचा. पाच चांगली बोटं.

आषाढात पहिला पीस आला. श्रावणात त्याने बंदरात रिव्हर्स घेताना अंगावर आलेल्या ट्रेलरवाल्याला खिडकीतून बाहेर ओढला आणि त्याचं नाक फोडलं. मास्तरांनी त्याच्या सुजलेल्या मुठीकडे एकदा पाहिलं आणि बोट वर केलं. पहिला. दसऱ्याच्या आधी दुसरा पीस हातात आला होता, तेव्हा उरणच्या एसटी स्टँडवर कुणीतरी त्याला भावाच्या हातावरून बोललं. त्या माणसाला त्याने चार जणांनी सोडवेपर्यंत सोडला नाही. पुन्हा पहिला. त्या दिवशी घरी येऊन त्याने आपलं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं, तीन वेळा, मोजून. कपाळ फुटलं, पण हात त्याने मागे बांधून ठेवले होते.

पलीकडच्या खोलीत धम्मदीप सगळं ऐकत होता. तेच आठ सूर, तीच चूक, महिन्यामागून महिने. पण तो उठून गेला नाही. चंदाबाईला ते चांगलं लक्षण वाटलं.

जानेवारीत तिसरा पीस चालू होता. जहाजावर निकेश त्याच्या वरच्या बाजूला काम करत होता. दोन वर्षांत दोघं बोलले नव्हते. निकेशने खाली वाकून विचारलं, "काय रे, एक भाऊ संपवून आता गिटारीच्या मागे लागलास?" टोळी हसली. रत्नपालच्या हातात रॉड होता. त्याने तो फिरवला असता तर निकेशचे गुडघे वाचले नसते, आणि त्या उंचीवरून खाली पडला असता तर बाकीचाही वाचला नसता. रत्नपालच्या मानेची शीर दोरीसारखी वर आली. सगळे हसायचे थांबले. त्याने रॉड कोपऱ्यात अडकवला, स्क्रू पिळला आणि पुढच्या कंटेनरकडे गेला. दातांनी जीभ कापली गेली होती. दुपारभर तो रक्त थुंकत होता.

त्यानंतर हात सुजला नाही. तिसरा आला. चौदा एप्रिलला पार्टी गिटारशिवाय गायली आणि त्याच महिन्यात चौथाही पळायला लागला.

एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, तो चौथा पीस वाजवत होता. आणि तो बरोबर आला. नुसता बरोबर नाही. धम्मदीप शेवटच्या सुरावर जसा किंचित थांबायचा, तसा थांबून आला. भिंतीच्या ह्या बाजूला धम्मदीपच वाजवतोय असं चंदाबाईला क्षणभर वाटलं.

दार उघडलं. वर्षभराच्या चुका धम्मदीपला सहन झाल्या होत्या. हे झालं नाही. त्याने उजव्या हाताने गिटार मानेला धरून हिसकावली आणि भावाच्या खांद्यावर घातली. मग डोक्यावर. लाकूड फुटलं, तारा झिणझिणल्या, रत्नपालच्या भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. धम्मदीपने लाथ घातली, मान उरली होती ती पाठीत घातली. रत्नपाल जमिनीवर पडून मार खात राहिला. ज्याने आयुष्यात एक थप्पड परत केल्याशिवाय ठेवली नव्हती, त्याने हात छातीखाली दाबून ठेवले. चंदाबाई त्याच्यावर आडवी पडली तेव्हा मार थांबला.

धम्मदीप धापा टाकत होता. दोन वर्षांनी तो भावाशी बोलला.

"हात घेतलास. आता पीस पण घेतोस?"

टाके पाच पडले. रत्नपालला टाक्यांचं काही वाटलं नाही. हवा होता तो शब्द मिळाला होता, आणि तो खरा होता. त्याने पाच पीस परत द्यायला म्हणून शिकायला घेतले होते. एकेक करत तो ते काढून घेत आला होता. मास्तरांकडे जाऊन त्याने सांगितलं, पाचवा शिकणार न्हाय, आधीचे चारही वाजवणार न्हाय. मास्तर चिडले. कार्यक्रमाचे बोर्ड लागले होते, गिटारवर रत्नपाल असं त्यावर लिहिलं होतं. शेवटी एवढंच ठरलं, की पार्टीची गिटार घेऊन त्याने नुसती साथ करायची.

बुद्ध पौर्णिमेला संध्याकाळी पाचला विहारापुढे मांडव भरला. पहिलं कडवं झालं. गायक थांबला, आणि त्या जागी रत्नपाल तारांवर नुसती तालाची ठोक देत राहिला. ढोलकीची आठ आवर्तनं, वर एकही सूर नाही. पीस माहीत असलेल्या माणसांना ती आठ आवर्तनं दात पडलेल्या जागेसारखी लागली. दुसऱ्या गाण्यातही तसंच. लोक ओरडायला लागले. तिसऱ्या गाण्यात गर्दीतून नारळाची करवंटी आली आणि नेमकी टाक्यांवर बसली. रक्त गालावरून गिटारवर ठिबकलं. फेकणारा पुढच्याच रांगेच्या मागे उभा होता, रत्नपालने त्याला पाहिलं होतं. त्याने ठोक चुकू दिली नाही. पाचही गाणी त्याने अशीच पार नेली. शेवटच्या गाण्याला ओरडा थांबला होता, कारण मांडवातल्या बायका ती रिकामी जागा तोंडानेच गुणगुणायला लागल्या होत्या. धम्मदीप खांबाला टेकून ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नपाल ओट्यावर बसून आरशात बघत टाक्यांवर मलम लावत होता. धम्मदीप चहाचा पेला घेऊन आला आणि थोडं अंतर ठेवून बसला.

"ती जागा अशी मोकळी सोडायची न्हाय," तो म्हणाला. "लोक वैतागतात."

"मंग काय वाजवू?"

"माझं सोडून काय पण."

रत्नपालला धम्मदीपचं सोडून काहीच येत नव्हतं. त्याने तसं सांगितलं. धम्मदीपने चहाचा घोट घेतला. ताठ बोटं पेल्यापासून लांब उभी राहिली होती.

"तुला आवडणारं एक तरी गाणं असंल ना. सोपं बघ. चार सुरांचं."

रत्नपाल आठवायला लागला. त्याला फार वेळ लागला. धम्मदीप उठून गेला नाही.