संडासाचं उद्घाटन

आमच्या दवाखान्यातला बायकांचा संडास दुरुस्त होऊन दोन महिने झाले होते आणि तो बंद होता. नव्या फरशा, नवा नळ, दाराला नवं कुलूप. बिघाड काही नव्हता, उद्घाटन व्हायचं होतं. नगरसेवकांना वेळ असायचा तेव्हा आमच्या साहेबांना नसायचा, दोघांना मिळाला तर पितृपक्ष लागला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीचं लग्न लांबलं म्हणून कुणाचा जीव जात नाही.

विश्रांतवाडीच्या बाजूला पालिकेचा हा दवाखाना, आणि मी तिथली डॉक्टर. आसपास आयटीवाल्यांसाठी इमारती उठत होत्या. त्या बांधणाऱ्या बायका गरोदरपणाच्या तपासणीला आमच्याकडे यायच्या. त्यातली एक वऱ्हाडातून आलेली, पहिलटकरीण, सातवा महिना. त्या दिवशी तिचं बीपी चढलेलं होतं. अशा वेळी लघवी तपासावीच लागते. त्यात प्रथिनं उतरलेली असली तर बाईला झटके येऊ शकतात, मग आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेततं. मी तिच्या हातात बाटली दिली. ती बंद दारापर्यंत गेली आणि परत आली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर पोरं पत्ते कुटत बसलेली. आम्ही स्टाफच्या बायका समोरच्या सोसायटीत ओळखीवर जायचो, पण पेशंट पाठवायचे नाहीत, असं त्यांनी स्वच्छ बजावलं होतं.

"मॅडम, उद्या घरून आणून देतो," ती म्हणाली. खाली मान घालून म्हणाली, जणू चूक तिचीच होती.

त्याच संध्याकाळी हुकूम आला. उद्या नेतृत्व आणि व्यवस्थापनाचं प्रशिक्षण, डॉक्टर आणि लॅबवाल्यांनी हजर राहायचं, सबब चालणार नाही. प्राथमिक आरोग्यसेवा बळकट करायची होती ना, म्हणून ती दिवसभर बंद ठेवायची. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हॉटेलचा हॉल एसीने असा गार केलेला की बायका पदर लपेटून बसलेल्या. शिकवायला कुठल्याशा आयटी कंपनीतला तरुण. मुलगा गोड होता, त्याच्यावर राग नाही माझा. तो म्हणाला, "डोळे मिटा आणि इमॅजिन करा. तुमचं सेंटर म्हणजे जहाज आणि तुम्ही त्याचे कॅप्टन."

मी डोळे न मिटताच विचारलं, "कॅप्टनला जहाजावरचा संडास उघडता येतो का?"

हशा पिकला. तोही हसला. "मॅम, थिंक बिग. ओनरशिप घ्या. परमिशनची वाट बघत बसू नका." पहिल्या रांगेत आमचे साहेब जोरजोरात मान डोलवत होते.

चहाच्या वेळी तेच साहेब माझ्याजवळ आले. "अहो बाई, चारचौघांत हे विषय काढायचे असतात का? मिळतेय तारीख. नगरसेवकांना दुखवून कसं चालेल?"

दुपारी आमच्या सिस्टरचा फोन आला. रडत होती. ती वऱ्हाडची बाई सकाळी बाटली घेऊन आली होती. लॅबवाले नाहीत म्हणून सिस्टरनेच तिला परत पाठवलं होतं. आता नवऱ्याने तिला रिक्षात घालून आणलं होतं, चेहरा सुजलेला, दारातच झटका आला होता. मी पोचेपर्यंत सिस्टरने तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं होतं. बाई वाचली. मूल गेलं.

त्या संध्याकाळी मी समोरच्या बांधकामावरून हातोडा मागवला आणि ते कुलूप फोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला नवीन कुलूप होतं, आधीच्यापेक्षा मोठं. एवढी चपळाई या खात्यात असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. जळलं मेलं यांचं ते नेतृत्व.

मग तारीख मिळाली एकदाची. मांडव घातला, कुलूप काढून दाराला लाल फीत बांधली, आणि फरशा ओल्या व्हायला नकोत म्हणून सकाळपासून कुणाला आत सोडलं नाही. तबकात कात्री घेऊन मला दारापाशी उभं केलं. नेमकी त्याच दिवशी ती वऱ्हाडची बाई बीपी दाखवायला आली. रिकाम्या हातांनी, ओटीपोट दाबत गर्दीच्या कडेने माझ्यापर्यंत आली.

"मॅडम, बाथरूमले जा लागते."

साहेबांनी ऐकलं. म्हणाले, "दहा मिनिटं थांबायला सांगा त्यांना. नगरसेवक निघालेत."

मी तबकातली कात्री उचलली, फीत कापली आणि दार ढकललं. "जा गं," मी तिला म्हटलं. साहेब काहीतरी बोलत होते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ती बाहेर येईपर्यंत मी कात्री हातात धरून दारात उभी राहिले.