अप्पांची चुनखडी

कुणाच्याही घरी पाण्याचा तांब्या पुढे आला, की आमचे अप्पा आधी तळहातावर चार थेंब घेत, जिभेच्या टोकाला लावत आणि मगच पीत. चारठाण्याच्या सोयऱ्यांत यावरून रुसवे झाले. "आमच्या आडात काय जहर हाय का?" असं एका विहिणीनं तोंडावर विचारलं, तेव्हा अप्पा ओशाळून म्हणाले, "तुमच्या पान्यावर शक न्हाई बाई. माझ्या जिभेला खोड लागलीय."

अप्पा म्हणजे माझे थोरले दीर. सारी हयात त्यांनी दूर उत्तरेत, बर्फाच्या डोंगरातल्या तांब्याच्या खाणीवर मुकादमी केली. आक्कांना, म्हणजे माझ्या जावेला लकवा झाला तेव्हा नोकरी सोडून गावी आले. संध्याकाळी आक्कांच्या हाताला तेल चोळत बसत आणि बोलायला लागले की खाणीवरच जात.

खाण बंद पडली आणि बोगद्याच्या तोंडातून आंबट, तांबडं पाणी झिरपायला लागलं. ओढ्यातले मासे मेले, खालच्या वाडीतलं जवाचं पीक करपलं. तिथं वीज नव्हती, रस्ता हिवाळाभर बर्फाखाली. यंत्र बसवून चालवणार कोण? म्हणून तिथल्या इंजिनियरनं आणि अप्पांनी पाण्याला लांबची वाट काढून दिली. आधी चुनखडीच्या धोंड्यांनी भरलेला चर, मग शेणखत आणि भुशाचं तळं, शेवटी पाणकणसाची दलदल. वाटेत पाण्याचा आंबटपणा मरायचा, गंज खाली बसायचा. आंबटपणा मेला का, ते अप्पा जिभेला थेंब लावून बघत. "मोटर न्हाई, पंप न्हाई. उतार हेच आमचं इंजन," असं सांगताना त्यांची छाती फुगे.

"पान्याला घाई करू न्हाई. वाट द्यावी, येळ द्यावा," हे त्यांचं नेहमीचं बोलणं. माझी डाळ शिजत नसली तरी हेच, आणि मी लेकरांवर ओरडले तरी हेच!

ओढ्यात पुन्हा मासळी दिसली, तेव्हा वाडीतली पाणचक्कीवाली म्हातारी शालीच्या घोळात अक्रोड घेऊन वर चढून आली. 'आता या ओढ्याला सोडून जाऊ नका,' म्हणाली. अप्पांनी मान डोलावली. त्याच सुमारास मोठे साहेब पाहणीला आले आणि अप्पा भरात बोलून गेले, "साहेब, आता इथं माणूस लागत नाही."

साहेबांनी तिथला राखणदारच काढून टाकला. धोंड्यांवर गंजाची पुटं चढतात, ती दरसाल खरवडावी लागतात, हे अप्पांनी नंतर परोपरीनं सांगितलं. साहेब हसले, "तुम्हीच म्हणालात ना?"

"एका बढाईनं घात केला, सुमन," अप्पा मला म्हणायचे. तेवढं बोलून तेल चोळणारा हात थांबायचा.

गावी आल्यापासून दर उन्हाळ्यात ते धोंडे खरवडायला तिकडं जायचं म्हणून पेटी भरत. एका साली विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसट्या बंद होत्या. जिंतूरच्या स्टँडवर दिवसभर बसून परत आले. बाकीच्या साली आक्कांचं दुखणं. आक्का जड जिभेनं "जावा... जावा" म्हणत. त्यांना टाकून अप्पांचा पाय निघत नसे.

आक्का गेल्या. दिवस झाल्यावर अप्पा एकटेच निघाले आणि दिवाळीच्या तोंडावर परतले. मी जिंतूरला घ्यायला गेले. माणूस निम्मा झालेला, हाताला घट्टे, नखांत तांबडा गंज.

"अप्पा, पाणी सुधारलं का?"

"सुधारलं. धोंडे पार विटेवानी झालते. पानी चराबाहेरून सरळ वढ्यात जायलालतं. दोघं मेंढपाळ हाताखाली घेतले, समदे धोंडे खरवडले. आता मासळी बी दिसायलीय."

"वाडीतले लोक खूश झाले असतील."

अप्पांनी मान खाली घातली. "वाडी उठली गं. पिकंना, तवा लोक शहराकडं गेले. चक्कीवाली म्हातारी तर लय आधीच वारली. म्या पोचलो, तवा दाराला कुलपंच व्हती."

"आणि तरी इतके महिने राहिलात? कुणासाठी?"

"लोक उठून गेले. वढ्याला कुठं जाता येतंय?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पेटी भरली होती, पण निघायच्या आधीच छातीत कळ येऊन गेले. त्या धोंड्यांवरचा गंज आता कोण खरवडतं, की कुणीच नाही, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नाही.