वाऱ्यात पुढे धावणारी

ओवी आणि निहार,

रविवारी व्हिडिओ कॉलवर निहार सांगत होता, "आजी, धावण्याच्या शर्यतीत वारा समोरून होता. मी सगळ्यांच्या पुढे होतो आणि शेवटी पार मागे पडलो." मला आमच्या वरच्या खोलीतली मुलगी आठवली. ती असती तर फोनमध्ये तोंड घालून ओरडली असती, "वाऱ्याले ताकद दाखवू नोको रे! घड्याळ नोको पाहू, श्वासाकडं ध्यान दे!"

गेल्या महिन्यात कावीळ होऊन ती गेली. म्हणून तिच्याबद्दल आताच लिहिते.

काही वर्षांपूर्वी मूर्तिजापूरजवळच्या खेड्यातून ती वनरक्षकाच्या भरतीची तयारी करायला अमरावतीला आली आणि आमच्याकडे भाड्याने राहिली. उंच, रुंद खांद्यांची, बोलण्यात रोखठोक. गच्चीवरचे कपडे उडू लागले की ती हटकून बूट घालून निघे.

"अगं, एवढ्या वाऱ्यात?"

"परीक्षेच्या दिवशी वारा आपल्याले विचारून येईन का, आजी?"

गल्लीतल्या दोन बहिणीही त्याच भरतीसाठी तिच्याबरोबर धावत. तिला ताई म्हणत. तिने त्यांना शिकवले होते की वारा समोरून असला की एका ओळीत धावायचे, मागचीने पुढचीच्या आडोशाला राहायचे. विजेचा खांब आला की पुढचीने बाजूला व्हायचे आणि मागचीने पुढे यायचे. वाऱ्याविरुद्ध मुद्दाम हळू जायचे, परतताना वारा पाठीशी आला की पाऊल लांब टाकायचे.

मी फिरायला जाई तेव्हा हे पाहत असे. तुम्ही असता तर तुमच्याही लक्षात आले असते. वारा जोराचा झाला की खांब येत, मागे पडत, पण ती काही बाजूला होत नसे. "राहू द्या, तुमी लहान आहा. मांगंच राहा." मग घरी पायरीवर बसून पोटऱ्या चोळी.

"ताई, तू तं भिंतच आहे," धाकटी म्हणे.

"मंग भिंतीले भाडं द्या!"

धावण्याची चाचणी अकोल्याला होती. वयोमर्यादेमुळे तिची ही शेवटचीच संधी. तिघी एकाच तुकडीत आल्या. डबा घेऊन मीही गेले होते. जाताना वारा तोंडावर होता, असा की रस्त्याकडेचे बॅनर फाटत होते. पहिल्या खांबाशी ती बाजूला झाली, तिने हात केला. तिच्या मागोमाग मोठीही बाजूला झाली, आणि मोठीच्या मागे धाकटी. ओळ तशीच. पुढच्या खांबाशी पुन्हा तेच.

"ये ना वं समोर!" ती ओरडली. पण ताईच्या पुढे जायला त्यांचे पाऊलच उचलेना.

वळणावर वारा पाठीशी आला. तोवर तिची ताकद संपली होती. तरी तिने आवाज दिला, "आता पळा! माझ्याकडं पाहू नोका!" तेवढे मात्र त्यांनी ऐकले.

दोघी वेळेत पोचल्या. ती थोडक्यात हुकली.

परतताना एसटीत दोघी रडत होत्या. "ताई, आमच्यामुळंच झालं."

"तुमच्यामुळं कायचं? पुढं जायाची सवय मीच लागू देली नाही तुमाले," ती म्हणाली आणि डबा उघडून दोघींच्या हातात पोळी दिली.

मूर्तिजापूर आले. तिचे गाव तिथून जवळ. मी विचारले, "उतरून आईला भेटतेस का?"

"काय सांगू तिले?" असे म्हणून तिने खिडकीकडे तोंड केले. अमरावती येईपर्यंत ते वळले नाही.

महिनाभरात तिने खोली सोडली. पुढे अकोल्यात कपड्यांच्या दुकानात कामाला लागली. दिवाळीला फोन करायची, धावण्याचा विषय काढायची नाही. मीही काढत नसे. खोली मी पुन्हा भाड्याने दिली नाही.

ती गेल्याचे मला धाकटीने कळवले. धाकटी आता सेमाडोहच्या जंगलात वनरक्षक आहे. तिच्यासोबत भरती झालेल्या दोन नव्या मुली आहेत, आणि गस्तीला निघताना ती त्यांना पुढे चालायला लावते.